पडवीतलं ऑफिस

वेंगुर्ल्याच्या माणसाने नोकरी करायची ती मुंबईत, हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आजेसासरे गिरणीत, सासरे पेढीवर. गावचं घर चतुर्थीला भरायचं आणि एरवी म्हाताऱ्या माणसांनी राखायचं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन सासरी आले. साथ ओसरल्यावर बाकीचे चाकरमानी परतले, मी राहिले. पुण्यातल्या एका कंपनीची पगारपत्रकं मी इथून, पडवीतल्या टेबलावरून करते.

पहिला फायदा रोकडा आहे. पुण्यातलं घरभाडं, डिपॉझिट, पेट्रोल, बाहेरचं खाणं, सगळं वाचतं. पगार पुण्याचा आणि बांगडे वेंगुर्ल्याच्या बंदरावरचे, यापेक्षा चांगला हिशेब मला तरी मांडता आलेला नाही. सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या वेळेवर जातात, मुलगा शाळेतून येतो तेव्हा मी घरात असते. शिवाय सिग्नलला उभं राहून संताप करण्यात जाणारा वेळ हातात राहतो.

पण घरून काम कमी होतं का? स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी २०१०-११ मध्ये चीनमधल्या ‘सीट्रिप’ या पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण त्याच प्रयोगात बढत्यांचं गणित बिघडलं. तितकंच चांगलं काम करूनही घरी बसलेल्यांना त्या मानाने कमी बढत्या मिळाल्या. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले निम्मे लोक ऑफिसात परतले. मुख्य कारण एकटेपणा. हे मला लगेच पटलं. आमच्या टीममध्ये कोणाचं कशावरून बिनसलंय हे मला महिन्याभराने कळतं, तेही दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून.

पावसाळ्याचं प्रकरण वेगळं. माडाची एक झावळ तारेवर पडली की लाईट गेली, तिच्या मागोमाग नेट गेलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, आणि माझ्यापुढे महिनाअखेरचे पगार होते. मग इन्व्हर्टर आला, मोठी बॅटरी आली, दुसऱ्या कंपनीचं सिम आलं. हा सगळा खर्च माझा. ऑफिसात जनरेटरचं डिझेल कोण भरतं, याचा विचार मी तोवर कधी केलाच नव्हता.

आमच्या वाडीतल्या बायकांना मात्र असं पदरच्या खर्चाने घरी काम करणं जुनंच आहे. इथे काजूचा धंदा मोठा. इथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती बागाइतदारांच्या तोंडी असतात. बिया फोडण्याचं, गर सोलण्याचं काम बायका किलोच्या भावाने करतात, काही जणी घरीच. टरफलातल्या तेलाने बोटांची सालं जातात, म्हणून आधी हाताला राख किंवा तेल चोळायचं. जागा त्यांची, दिवा त्यांचा, दुखलेली पाठही त्यांचीच. घरी बसून काम करणाऱ्यांना कारखान्यातल्यांच्या बरोबरीने हक्क मिळावेत म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. माझ्या खुर्चीला चाकं आहेत आणि पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत येतो, हा फरक लहान नाही. पण मालकाच्या खर्चातला एक वाटा उचलून कामगाराच्या पडवीत ठेवायचा, ही युक्ती तीच.

आणि बाईमाणूस घरी असलं की ते मोकळंच असतं, असा सगळ्यांचा समज. ऐन मीटिंगमध्ये गडग्यावरून हाक येते, “वयनी, तू घराकच आसस मां? गॅसवालो येतलो, माजो सिलिंडर घेऊन ठेव.” नाही कसं म्हणणार? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. नवराही घरून काम करतो. तो दार लावून बसला की ‘भाऊ कामात आसा’ म्हणून सगळे आवाज खाली आणतात. माझ्या टेबलाला दारच नाही.

तरीही मी पुण्याला परत जाणार नाही. माझ्यापुरतं पारडं फायद्याकडे झुकलंय, आणि ते घरात आणखी दोन माणसं हाताशी आहेत म्हणून. गावी येऊन काम करायचा विचार असेल तर होकार देण्याआधी तीन गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या. बॅटरी-नेटचा खर्च कोणाचा, काम किती वाजता संपतं आणि बढती कशावर ठरते. आणि घरात दार असलेली एक खोली मागून घ्या. कंपनीपेक्षा तिथेच जास्त घासाघीस करावी लागेल.