शिळ्या पाण्याचा हिशेब

साताऱ्याहून आत्या पहिल्यांदा आमच्याकडे कॅनडात, मिसिसागाला आली, तेव्हा मागच्या अंगणातल्या हॉट टबाचं झाकण उचलून तिने एकच प्रश्न विचारला, "हे पाणी रोज बदलत नाहीस?" दोन महिन्यांनी बदलतो म्हटल्यावर तिने झाकण परत लावून टाकलं. काल भरलेल्या हंड्याला शिळं म्हणणारी ती. चार माणसं बसून उठलेल्या पाण्यात पुन्हा उतरायचं, हे तिला पटणं शक्यच नव्हतं.

तिचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. टब आम्हाला घराबरोबर मिळाला, आणि पहिल्या शनिवारी आम्ही नुसतं पाणी बघून आत उतरलो होतो. तळाचे स्क्रू मोजता येतील इतकं नितळ पाणी. दोन दिवसांनी पोहण्याच्या कपड्यांखाली नेमक्या तेवढ्याच भागात खाजरे लाल पुरळ उठले. डॉक्टरांनी पाठ बघितली आणि विचारलं, "घरी हॉट टब आहे का?" स्युडोमोनास नावाचा जीवाणू केसांच्या मुळाशी शिरला की असं होतं. आमचं आठवड्यात आपोआप बरं झालं. टबाच्या पाण्याकडे नीट बघायला मी शिकलो तो तेव्हापासून.

मुळात टब म्हणजे छोटा तलाव नव्हे. आमच्या टबात 1300 लिटर पाणी मावतं. घरगुती पोहण्याच्या तलावात सहज 75,000 लिटर असतं. म्हणजे टबात चौघं बसली तर त्या तलावात सव्वादोनशे माणसं उतरल्यासारखं झालं. वर पाणी 38-40 अंश गरम, त्यामुळे बसलेला माणूस घामाघूम. घाम, त्वचेचा तेलकटपणा, क्रीम, कपड्यात राहिलेला साबण, सगळं त्या 1300 लिटरमध्ये. उष्णतेने आणि जेटच्या घुसळणीने क्लोरीनही भराभर उडतं. तलावाला आठवडाभर पुरणारं लक्ष टबाला दोन दिवसही पुरत नाही.

म्हणून चाचणीपट्टी. पाण्यात बुडवायची, डबीवर सांगितलेली सेकंदं थांबायचं आणि रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचे. मोकळं क्लोरीन किमान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3) हवं, ब्रोमीन वापरत असाल तर 4, पीएच 7.2 ते 7.8. इथे बहुतेकांची एक गफलत होते. झाकण उघडल्यावर नाकात शिरणारा तो उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झालंय. असतं उलटच. तो वास घामातल्या आणि इतर घाणीतल्या नायट्रोजनाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. जंतू मारायला मोकळं क्लोरीन उरलेलं नाही, असं तो सांगत असतो. अशा वेळी क्लोरीन वाढवायचं, भरपूर, आणि झाकण वीसेक मिनिटं उघडं ठेवायचं.

पीएचचं दुखणं वेगळं. जेट चालू केले की बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो. तुम्ही काहीही चूक केली नाहीत तरी सरकतो. पीएच 7.5 असताना क्लोरीनचा साधारण निम्मा हिस्सा जंतुनाशक रूपात असतो. 8 वर पोहोचला की जेमतेम पाव. पट्टीवर आकडा तोच दिसतो, काम मात्र अर्धं होतं. पीएच उतरवायला सोडियम बायसल्फेटची पूड मिळते. पण आधी क्षारता बघायची, ती 80 ते 120 पीपीएममध्ये असली की पीएच फार उड्या मारत नाही. आणि क्षारता वाढवणारं महागडं डबाबंद रसायन म्हणजे चक्क खायचा सोडा! 1300 लिटरला 22 ग्रॅम टाकला की क्षारता 10 पीपीएमने वाढते. हे कळल्यापासून मी तो वाण्याकडूनच आणतो.

कुठलीही पूड पाण्यात टाकायची, पुडीवर पाणी कधीच ओतायचं नाही. एका वेळी एकच, जेट चालू ठेवून. आणि दोन प्रकारच्या क्लोरीनला एकच चमचा वापरायचा नाही. नुसत्या उरलेल्या कणांनीही पेट घेण्याची भीती असते.

फिल्टर म्हणजे घड्या घातलेल्या कापडाचं नळकांडं. दर आठवड्याला बागेच्या पाइपने घडी उघडून वरून खाली धुवायचं. प्रेशर वॉशर लावला तर कापडाचे धागे उसवतात. तेलकटपणा मात्र नुसत्या पाण्याने जात नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा फिल्टर क्लीनरच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायचं. भांड्यांचा साबण लावलात तर पुढचे आठ दिवस फेसच उपसाल. मी दोन फिल्टर ठेवतो, दोन पंच्यांसारखे: एक वापरात, एक वाळत. फेसाचं दुसरं हमखास कारण आपल्याकडचं. डोक्याला तेल चोपडून टबात उतरलेली माणसं. एका दिवाळीत अभ्यंगस्नान अर्धवट आटोपून मंडळी थेट टबात बसली, आणि जेट लावल्यावर पाण्यावर ताकासारखा फेस धरला.

एवढं करूनही आत्याची शंका उरतेच, कारण खरी घाण दिसत नाही. टबाच्या भिंतीमागे कित्येक मीटर नळ्या असतात. त्यांच्या आतून माठाच्या तळाला धरतो तसा बुळबुळीत थर धरतो, आणि त्याच्या आड जीवाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या टबात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढला होता. लोक टबात बसले नव्हते, नुसते जवळून गेले. बुडबुड्यांतून उडणारे सूक्ष्म तुषार श्वासात गेले आणि किमान 32 माणसं दगावली.

म्हणून पाणी सोडायच्या आधी नळ्या धुवायचं द्रावण टाकून जेट तासभर चालवायचे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नितळ पाण्यावर तपकिरी पापुद्रे तरंगून आले, भिजलेल्या चहाच्या पत्तीसारखे. त्याच पाण्यात आम्ही महिनाभर डुंबलो होतो.

पाणी कधी बदलायचं याचा ढोबळ हिशेब असा: लिटरला 11 ने भागा, मग रोज बसणाऱ्यांच्या संख्येने भागा. आमचे दोघांचे 59 दिवस येतात. क्लोरीनची पूड डायक्लोर असेल तर प्रत्येक चमच्याबरोबर सायन्युरिक आम्लही साठत जातं आणि क्लोरीनला सुस्त करतं. त्याला उपाय नवं पाणी हाच. सोडण्याआधी क्लोरीन शून्यावर येऊ द्यायचं आणि पाणी गवतावर सोडायचं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातलं पाणी इथे थेट ओढ्याला आणि तळ्याला जातं. वीज आधी मुख्य बटणापाशी बंद करायची, तापलेला हीटर कोरडा पडता कामा नये. आणि थंडीआधीचं हे काम ऑक्टोबरातच उरकायचं. उणे पंधरात टब रिकामा केला तर नळीत उरलेलं वाटीभर पाणी गोठून नळी तडकवतं.

भरताना पाइप टबात न सोडता फिल्टरच्या खळग्यात सोडायचा, म्हणजे नळ्या आधी भरतात. नाहीतर पंपात हवा अडकते; तो घुमतो, पण पाणी हलत नाही. तसं झालं तर पंप बंद करून त्याच्या जोडावरचं नट किंचित सैल करायचं. फुस्स आवाज येतो, मग थेंब येतात, की आवळून टाकायचं. नळाचं थंडगार पाणी तापायला चार किलोवॅटच्या हीटरला दहा तास लागतात, म्हणजे अख्खी रात्र.

यंदा ऑक्टोबरात आत्या इथेच होती. सकाळी मी पट्टी बुडवून रंग बघत होतो, तर मागून आवाज आला, "आज ताजं आहे ना? मग आज मी बसते." वळून बघितलं, तर डोकं तेलाने चपचपीत.

"आत्या, आधी नहाणं."