काळ्या मुठींचा वास

गेल्या ईदला नातवाला छोटी सायकल घेतली. दिवसभर तो घाटनांदूरच्या गल्लीत फिरला आणि संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा तळहात काळे. साबणानेही निघेनात. हँडलच्या मुठींना डांबरासारखा वास येत होता. पंक्चरवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, ‘चाचा, नवं रबर आहे, वास येणारच.’ मी कवितेचा माणूस, बी. ए. झालेला, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण मन राहीना. वाचत गेलो, विचारत गेलो. समजलं ते सांगतो.

कच्चं रबर उन्हाने चिकटतं, थंडीने ताठरतं. गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं, हे १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना सापडलं. हेच व्हल्कनायझेशन. रबर मळताना त्यात काजळी आणि तेलही घालतात. कणकेला तेलाचा हात लावावा, तसं. गंधकामुळे रबराचे धागे एकमेकांना बांधले जातात. तेल मात्र बांधलं जात नाही, नुसतं मुरून राहतं. उष्णतेने, तेलकट हाताने ते हळूहळू बाहेर येतं.

सगळीच तेलं घातक नसतात. पण वंगणतेल शुद्ध करताना उरणारा काळपट, स्वस्त अंश वापरला, तर त्यात बेन्झोपायरीन आणि त्याची भावंडं असू शकतात. बेन्झोपायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलं आहे. युरोपीय संघाने २०१० पासून टायरच्या तेलावर मर्यादा घातली. डिसेंबर २०१५ पासून अंगाला वरचेवर लागणाऱ्या रबरी वस्तूंत अशा आठ द्रव्यांपैकी प्रत्येकाचं प्रमाण किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आत हवं. खेळण्यांत अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. त्या नियमात सायकलचं नाव आहे.

मग ओळखायचं कसं? घरी खात्रीने ओळखता येत नाही. उग्र वास आणि हाताला लागणारा काळेपणा यावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये. वास गंधकाचाही असू शकतो आणि बिनवासाचं रबर निर्दोष असेलच असंही नाही. हे काळं तेल डाग पाडतं, म्हणून ते बहुधा काळ्याच मालात जातं. खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. रबराचे बारीक तुकडे टोल्युइनमध्ये भिजवून आतला अंश काढतात आणि यंत्रावर एकेक घटक वेगळा करून मोजतात. रबराच्या चाचण्या करणारी मोठी संस्था आपल्याच राज्यात, ठाण्याला आहे.

एका मुठीसाठी ठाण्याला कोण जाणार? मी मुठी बदलल्या; फिक्या रंगाच्या, वास नसलेल्या घेतल्या. जेवणाआधी हात धुवायची सवय लावली. एक स्पर्श म्हणजे आजार नव्हे, घाबरू नये. पण लहान मूल हात तोंडात घालतं, हे विसरू नये. आणखी एक. थंडीत आपल्याकडे शेकोटीत जुनं टायर टाकतात. त्या धुरात हीच द्रव्यं कितीतरी जास्त असतात. ते मात्र आजच थांबवता येईल.

नातू विचारतो, ‘दादा, काळ्या मुठी का काढल्या?’ मी म्हणतो, ‘तुझे हात मला पाहायचे होते.’