जळालेली अक्षरे

पारनेर तालुक्यातील मुलांना अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला नावाने तरी ठाऊक असतो. १९४२ साली 'छोडो भारत' चळवळ सुरू होताच इंग्रज सरकारने देशाच्या अनेक नेत्यांना या किल्ल्यात कैदेत ठेवले. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू आणि मौलाना अबुल कलाम आझाद होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेच लिहिला. मौलानांनी येथे आपल्या एका मित्राला उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. ती पाठवण्याची परवानगी नव्हती. पुढे १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली.

कैदेतून सुटल्यानंतर दोन वर्षांनी, १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री, नेहरूंनी दिल्लीत एक भाषण केले. स्वतंत्र होणाऱ्या देशापुढील कर्तव्ये त्यांनी त्यात सांगितली. त्यानंतर छप्पन्न वर्षांनी, २००३ साली, मुंबईच्या एका कलावंताने ते भाषण पुन्हा लिहून काढले. पण शाईने नव्हे, आगीने!

या कलावंताचे नाव जितीश कल्लाट. त्यांचा जन्म १९७४ साली मुंबईत झाला. तेथील सर ज. जी. कला महाविद्यालयात ते शिकले. त्यांनी अॅक्रिलिकचे पाच मोठे आरसे घेतले. त्यांवर रबराच्या चिकट द्रवाने भाषणातील एकेक अक्षर लिहिले आणि मग ती अक्षरे पेटवून दिली. द्रव जळून काळी अक्षरे मागे उरली. उष्णतेने आरसेही वेडेवाकडे झाले. भाषण वाचायला आपण जवळ जातो, तेव्हा जळालेल्या अक्षरांमागे आपलाच चेहरा वाकडा झालेला दिसतो. या कलाकृतीचे नाव 'पब्लिक नोटीस', म्हणजे जाहीर सूचना.

असे त्यांनी का केले? आदल्याच वर्षी, २००२ साली, गुजरातमध्ये दंगली झाल्या होत्या. घरे जळाली, माणसे मारली गेली. स्वातंत्र्याच्या रात्री दिलेल्या शब्दाचे काय झाले, हा प्रश्न या आरशांतून उभा राहतो. तो फक्त सरकारला विचारलेला नाही. आरशात ज्याचा चेहरा दिसतो, त्या प्रत्येकाला विचारलेला आहे.

अक्षरांतून कला निर्माण होते, हे तुम्हांला नवे नाही. उर्दूतील खुशखती म्हणजे सुंदर अक्षरांचीच कला. कल्लाट यांची अक्षरे मात्र सुंदर दिसण्यासाठी नसतात. ती कशाने लिहिली आहेत, हे पाहिले की त्यांचा अर्थ अधिक कळतो.

दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० रोजी, महात्मा गांधींनी अहिंसेने लढण्याचा संदेश दिला. ते भाषण कल्लाट यांनी २००७ साली हाडांच्या आकारात मांडले. ही हाडे खरी नव्हेत, फायबरग्लासची आहेत. ती एकूण ४,४७९ आहेत. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागो येथे धर्मवेडाविरुद्ध भाषण केले होते. ते त्यांनी २०१० साली शिकागोच्या कलासंग्रहालयात ११८ पायऱ्यांवर रंगीत दिव्यांनी लिहिले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला होता. त्यानंतर तेथील सरकार धोक्याची पातळी ज्या पाच रंगांनी दाखवू लागले, त्याच रंगांचे हे दिवे होते. २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. २०१२ सालच्या एका कलाकृतीत ते धुक्याच्या पडद्यावर उमटते. माणूस त्यातून चालत गेला, की अक्षरे विस्कटतात.

२०१७ साली नवी दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात कल्लाट यांच्या पंचवीस वर्षांतील कामाचे मोठे प्रदर्शन भरले. अशा प्रदर्शनाला सिंहावलोकन प्रदर्शन म्हणतात. सिंह चालता चालता थांबून मागे वळून पाहतो, तसे कलावंताने केलेल्या वाटचालीकडे पाहणे म्हणजे सिंहावलोकन. एक चित्र पाहून जे कळत नाही, ते अनेक वर्षांचे काम एकत्र पाहिल्यावर कळते. जळालेली अक्षरे, हाडांची अक्षरे, धुक्यातली अक्षरे यांमागे एकच विचार आहे. मोठ्या माणसांचे शब्द नुसते जपून ठेवल्याने टिकत नाहीत. आपण तसे वागलो नाही, तर ते जळतात, विरून जातात.

आपल्या शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. उद्या तो पुसण्यापूर्वी एकदा नीट वाचा आणि कालच्या दिवसात त्यातले आपल्या हातून किती घडले, हे स्वतःला विचारून पाहा.