हसवणाऱ्यांचे चढउतार : जबलपूरच्या निमित्ताने

२०२० मध्ये ‘पंचायत’ ही वेबमालिका प्रदर्शित झाली आणि फुलेरा या काल्पनिक गावातील ‘प्रधानपती’ ब्रिजभूषण दुबे देशभर परिचित झाले. ही भूमिका साकारणारे अभिनेते रघुवीर यादव मूळचे जबलपूरचे. तरुण प्रेक्षकांना ते या मालिकेमुळे ठाऊक झाले. मात्र या प्रेक्षकांच्या आईवडिलांनी त्यांना तीस वर्षांपूर्वीच दूरदर्शनच्या पडद्यावर ‘मुंगेरीलाल’ म्हणून पाहिले होते. या दोन मालिकांच्या मधल्या काळात भारतातील विनोदी चित्रपट, विनोदी मालिका आणि अॅनिमेशन या तिन्ही क्षेत्रांनी अनेक भरती-ओहोट्या अनुभवल्या.

प्रेक्षकांना हसायला नेहमीच आवडते. असे असूनही हसवणाऱ्यांचा व्यवसाय इतका अस्थिर का असतो? जबलपूरशी निगडित काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा घेतलेला हा आढावा.

संस्कारधानीतील व्यंगपरंपरा

नर्मदाकाठच्या जबलपूरला ‘संस्कारधानी’ असे म्हटले जाते. १९५६ पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थायिक झाली. हिंदीतील श्रेष्ठ व्यंगलेखक हरिशंकर परसाई (१९२४-१९९५) यांची ही कर्मभूमी. ‘वसुधा’ हे नियतकालिक त्यांनी येथूनच काढले. ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या पुस्तकासाठी त्यांना १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

परसाईंचा विनोद गुदगुल्या करणारा नव्हता. त्यांच्या एका प्रसिद्ध कथेत इन्स्पेक्टर मातादीन चंद्रावर जातो आणि तेथील भाबड्या पोलिसांना पृथ्वीवरची ‘कार्यपद्धती’ शिकवतो. अशा लेखनाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९७३ मध्ये लिखाणामुळे दुखावलेल्या लोकांनी त्यांना मारहाण केली होती. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. जबलपूरच्या ‘विवेचना’ या नाट्यसंस्थेने त्यांच्या रचना रंगमंचावर आणल्या, तर ‘परसाई कहते हैं’ या मालिकेद्वारे दूरदर्शनने त्या छोट्या पडद्यावर आणल्या.

येथेच विनोदाच्या अर्थकारणातील पहिली बाब लक्षात येते. लेखकाला विनोदासाठी कागद आणि लेखणी पुरते. नाट्यसंस्थेला काही कलावंत आणि एक मोकळी जागा पुरते. पण तोच विनोद पडद्यावर आणायचा झाल्यास भांडवल लागते आणि भांडवल पुरवणाऱ्याला जोखीम नको असते.

अडीच रुपये रोजापासून मुंगेरीलालपर्यंत

रघुवीर यादव यांचा जन्म १९५७ चा. गायक होण्याच्या ओढीने किशोरवयातच त्यांनी घर सोडले आणि ते एका फिरत्या पारशी नाटक कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांना दिवसाला अडीच रुपये मिळत. सुमारे सहा वर्षे गावोगाव भटकून त्यांनी गाणे, अभिनय आणि प्रेक्षकांची नाडी ओळखण्याची कला आत्मसात केली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९७७ मध्ये ते पदवीधर झाले आणि त्यानंतर अनेक वर्षे विद्यालयाच्या रंगमंडळात काम करीत राहिले.

प्रदीप कृष्ण दिग्दर्शित ‘मॅसी साहिब’ (१९८५) या चित्रपटाने त्यांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सन्मान मिळवून दिला. मध्य भारतातील ब्रिटिशकालीन कचेरीत काम करणारा, साहेबी थाटाचा हव्यास असलेला हा कारकून हास्यास्पद आहे आणि करुणही. पाठोपाठ प्रकाश झा दिग्दर्शित ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ (१९८९-९०) ही मालिका आली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेला हा दिवास्वप्ने पाहणारा कारकून इतका लोकप्रिय झाला की, अवास्तव मनोरथांना ‘मुंगेरीलालची स्वप्ने’ म्हणण्याची प्रथाच पडली. राजकीय भाषणांत हा शब्दप्रयोग आजही ऐकू येतो.

मात्र एखादे पात्र भाषेत रुजले म्हणजे कलावंताची चिंता मिटते असे नाही. विनोदी भूमिका गाजली की त्याच छापाच्या भूमिका पुढे येतात. त्या नाकारल्या तर प्रतीक्षा करावी लागते. यादव यांनी पुढे ‘रुदाली’, ‘बँडिट क्वीन’, ‘लगान’, ‘पीपली लाइव्ह’, ‘न्यूटन’ यांसारख्या चित्रपटांत लहान-मोठ्या भूमिका केल्या. सर्वसामान्य प्रेक्षकाला चेहरा ओळखीचा, पण नाव चटकन न आठवणारे, अशी चरित्र अभिनेत्याची वाटचाल दीर्घकाळ सुरू राहिली. ‘पंचायत’ प्रदर्शित झाली तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते.

आठवड्याचा विनोद आणि रोजचा विनोद

मुंगेरीलालच्या यशामागे त्या काळातील प्रसारणव्यवस्थेचाही वाटा होता. १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचे पर्व सुरू झाले. वाहिनी एकच असल्याने संपूर्ण देशाचा प्रेक्षकवर्ग निर्मात्याला आयता मिळत असे. मालिका साप्ताहिक असत, त्यामुळे लेखकाला एका भागावर काम करण्यासाठी सवड मिळे. ‘ये जो है जिंदगी’, ‘नुक्कड’, ‘वागले की दुनिया’ या मालिका याच व्यवस्थेतून आल्या.

उपग्रह वाहिन्यांच्या आगमनानंतर हे चित्र पालटले. वाहिन्या वाढल्या, प्रेक्षक विभागला गेला आणि २००० नंतर दैनंदिन मालिकांचे युग अवतरले. कौटुंबिक कलहाची कथा रोज थोडी पुढे सरकवता येते; विनोदाचे तसे नाही. प्रत्येक भागात नवा प्रसंग आणि त्याचा नवा शेवट लागतो. रोजच्या मागणीमुळे विनोदी लेखन लवकर थकते आणि साचेबद्ध होते.

चित्रपटगृहातील गणित वेगळे असले तरी तेथेही अनिश्चितता आहेच. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने अत्यंत तुटपुंज्या खर्चात तयार झाला. प्रदर्शनाच्या वेळी त्याला माफक प्रतिसाद लाभला. पदार्पणातील उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण चित्रपटाची खरी कीर्ती पुढे दूरदर्शनवर आणि चित्रफितींवर वाढत गेली. चार दशकांनंतर किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ (२०२४) बाबतही काहीसे तसेच घडले. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात चित्रित झालेला हा चित्रपट सर्वदूर पोहोचला तो ओटीटी माध्यमावर आल्यानंतर.

विनोदाचा प्रेक्षक अनेकदा उशिरा येतो. पण निर्मात्याचा हिशेब पहिल्या तीन दिवसांच्या तिकीटविक्रीवर होतो. विनोदी चित्रपटांची खरी अडचण या वेळेच्या तफावतीत आहे. भाषेची मर्यादाही आहेच. मारामारीचे दृश्य भाषांतराशिवाय समजते, परंतु बोलीतला टोमणा दुसऱ्या भाषेत नेताना त्याची धार बोथट होते.

व्यंगचित्रातून पडद्यावर

विनोद आणि व्यंगचित्र यांचे नाते जवळचे आहे. ‘वागले की दुनिया’तील मध्यमवर्गीय नायक व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून साकारला होता. चित्रकार प्राण यांनी ‘लोटपोट’साठी निर्माण केलेले चाचा चौधरी २००२ मध्ये दूरचित्रवाणीवर हाडामांसाच्या रूपात अवतरले, तेव्हा लाल पगडी आणि पांढऱ्या मिशा लावून रघुवीर यादव यांनीच ही भूमिका केली. पुढे २०१९ मध्ये चाचा चौधरी अॅनिमेशन मालिकेच्या रूपातही आले.

पण चाचा चौधरींना प्रत्यक्ष अभिनेता साकारतो तेव्हाची निर्मिती आणि अॅनिमेशनची निर्मिती यांत मोठा फरक आहे.

एका हास्यामागील हजारो चित्रे

प्रत्यक्ष चित्रीकरणात अभिनेता एखादे वाक्य चार प्रकारे म्हणून पाहू शकतो. संकलक त्यातील सर्वांत परिणामकारक प्रकार निवडतो. अॅनिमेशनमध्ये ही मुभा जवळजवळ नसते. प्रथम कथा लिहिली जाते, मग प्रसंगांची क्रमवार रेखाचित्रे, म्हणजेच स्टोरीबोर्ड, तयार होतो. संवाद बहुधा आधीच ध्वनिमुद्रित केले जातात. त्यांच्या आधारे कच्ची चित्रफीत जोडून प्रत्येक हालचालीचा कालावधी ठरवला जातो. विनोदातील विराम, म्हणजे कोणी घसरून पडण्यापूर्वीचा तो अर्धा क्षण, येथेच निश्चित करावा लागतो.

चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. या हिशेबाने ११ मिनिटांच्या एका भागात १५,८४० चौकटी होतात. पारंपरिक पद्धतीत एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी एकाच पात्राच्या सलग हालचालीसाठी ७,९२० चित्रे लागतील. संगणकावर हातपाय सुटे करून हलवता येणाऱ्या पात्रांमुळे हे श्रम बरेच कमी झाले आहेत. तथापि एक भाग पूर्ण होण्यास काही महिने लागतात. विनोद सुचल्यापासून मूल हसेपर्यंतच्या या दीर्घ काळात पगार, जागा आणि यंत्रसामग्री यांचा खर्च सुरूच असतो. मध्येच पैसा आटला तर अर्धवट चित्रफितीला बाजारात किंमत नसते.

लाटांचा इतिहास

भारतात या कलेची सुरुवात मराठी माणसाच्या हातून झाली. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आगकाडी थोडी हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची, अशी त्याची पद्धत होती.

स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ च्या सुमारास कार्टून विभाग स्थापन झाला. डिस्ने संस्थेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले आणि १९५७ मध्ये जातककथेवर आधारित ‘द बॅनियन डीअर’ तयार झाला. राम मोहन, जी. के. गोखले यांसारखे कलावंत याच विभागात घडले. विजया मुळे यांचा ‘एक, अनेक और एकता’ (१९७४) हा लघुपट दूरदर्शनवरून दोन पिढ्यांच्या स्मरणात राहिला. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे होते. सरकारी आश्रयामुळे या कलावंतांना गल्ल्याची चिंता नव्हती. मात्र काम मुख्यत्वे लघुपट आणि प्रबोधनापुरते राहिले. निव्वळ करमणुकीसाठी वर्षानुवर्षे चालणारी मालिका या व्यवस्थेतून उभी राहिली नाही.

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि परदेशी मालिकांचा ओघ सुरू झाला. तयार मालिका विकत घेऊन तिला हिंदी आवाज देणे हे नवी मालिका निर्माण करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त होते. भारतीय स्टुडिओंना काम मिळाले, ते प्रामुख्याने परदेशी निर्मात्यांचे. चित्रे येथे काढली जात आणि पात्रांची मालकी तिकडे राहत असे.

२००५ मध्ये व्ही. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ यशस्वी ठरला आणि अॅनिमेशनपटांची लाट उसळली. तीन वर्षांत पुराणकथांवरील अनेक चित्रपट जाहीर झाले. २००८ मधील यशराज आणि डिस्ने यांच्या ‘रोडसाइड रोमिओ’ या विनोदी अॅनिमेशनपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तिकीटबारीवर अपेक्षित यश मिळाले नाही. त्यानंतर लाट ओसरली आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला.

त्याच २००८ मध्ये पोगो वाहिनीवर ‘छोटा भीम’ सुरू झाला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या कंपनीने पात्रांची मालकी स्वतःकडे राखली. परिणामी खेळणी, दप्तरे आणि चित्रपट यांचे उत्पन्नही तिला मिळाले. २०१२ मध्ये ‘लोटपोट’मधील मोटू आणि पतलू ही जोडी निक वाहिनीवर आली. २०२५ मध्ये अश्विन कुमार यांच्या ‘महावतार नरसिंह’ने चित्रपटगृहांत मोठी कमाई केली आणि अॅनिमेशनपटांविषयी पुन्हा उत्साह निर्माण झाला. यापूर्वीच्या ओहोटीचा विचार करता या उत्साहाकडे सावधपणे पाहणे योग्य ठरेल.

स्थैर्य कशातून येईल?

या प्रवासातून काही निष्कर्ष स्पष्टपणे काढता येतात. पहिला मालकीचा. ज्याच्याकडे पात्राचे हक्क असतात, तोच पडता काळ सोसू शकतो. मासिक वेतनावर चित्रे काढणाऱ्या कलावंताकडे असे हक्क बहुधा नसतात, म्हणून लाट ओसरताच पहिला फटका त्यालाच बसतो. दुसरा लेखनाचा. अॅनिमेशनमध्ये चित्रकारांच्या प्रशिक्षणावर भर दिला गेला, पण मुलांसाठी विनोद लिहिणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे तितके लक्ष गेले नाही. तिसरा संयमाचा. एका यशानंतर तशाच दहा कलाकृती काढण्यापेक्षा दहा वेगळ्या कल्पनांना थोडा थोडा अवधी देणे अधिक लाभदायक ठरू शकते.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुंबईत सर्जनशील तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली आहे आणि मध्य प्रदेशानेही २०२५ मध्ये अॅनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी धोरण जाहीर केले. संगणक आणि इंटरनेटमुळे चित्र काढण्यासाठी महानगरात राहण्याची सक्ती आता पूर्वीइतकी उरलेली नाही.

जबलपूरच्या दृष्टीने या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. परसाई आयुष्यभर याच शहरात राहून लिहू शकले, कारण त्यांचे माध्यम कागद होते. रघुवीर यादव यांना मात्र घर सोडून फिरत्या कंपनीमागे जावे लागले. जबलपूरमधील एखाद्या मुलीला किंवा मुलाला आज चित्रांतून लोकांना हसवावेसे वाटले, तर त्याला शहर सोडावे लागू नये, आणि सोडलेच तर मधली तीस वर्षे वाट पाहावी लागू नये. नव्या धोरणांचे यश गुंतवणुकीच्या आकड्यांबरोबरच या कसोटीवरही तपासले जायला हवे.