आधी धोका, मग स्वप्न

येत्या १०० वर्षांत मानवजातीवर कायमचा घाला पडण्याची शक्यता सहात एक, असा अंदाज ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी २०२० साली मांडला. कृत्रिम बुद्धिमत्ता, प्रयोगशाळेत घडवलेले विषाणू, अण्वस्त्रे ही त्यातली कारणे.

तर्काची कास धरणारी मंडळी सुखस्वप्नांपेक्षा अशा धोक्यांवरच का बोलतात? एक म्हणजे, समृद्धी लांबली तरी उशिरा का होईना येते. मानवजात संपली तर चूक सुधारायला कोणी उरत नाही. दुसरे, काय टाळायचे यावर एकमत होते, सुख कशात यावर नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ कानमन व ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले, की तेवढ्याच लाभापेक्षा तोटा मनाला जास्त डाचतो.

धोका टाळायलाच हवा. पण कशासाठी, हेही सांगता आले पाहिजे.