वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद

मुख्य जलवाहिनी फुटली की रत्नागिरीत काय, चिपळुणात काय, चर्चा ठरलेली: पाइप जुना होता, नाहीतर ठेकेदाराने माल हलका वापरला. दोन्ही खरं असू शकतं. पण चांगला, नवा पाइपही फुटतो आणि त्यामागे पुष्कळदा काही सेकंदांचा दाबाचा आघात असतो. अभियंते त्याला वॉटर हॅमर म्हणतात. या आघाताचं गणित आज संगणकावर झटपट मांडता येतं, तरी त्याविषयीचे गैरसमज जुनेच आहेत.

गैरसमज : पंप बंद पडला की दाब उतरतो, मग पाइपाला धोका कसला?

सगळ्यात मोठा धोका तिथूनच सुरू होतो. रत्नागिरीत शीळ धरणाचं पाणी पंपाने चढवून साळवी स्टॉपच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणतात. अशा कुठल्याही योजनेत, पावसाळ्यात तारांवर झाड पडून वीज गेली की चालू असलेले सगळे पंप एकदम थांबतात. ऊर्ध्ववाहिनीतलं पाणी मात्र पुढे धावतच असतं. पंपापाशी दाब कोसळतो आणि कमी दाबाची ही लाट पाइपातून पुढे सरकते. कोकणातल्या वाहिन्या घाटी चढतात, सड्यावरून जातात, पुन्हा उतरतात. उंचवट्यावर दाब आधीच बेताचा. तिथे तो इतका घसरू शकतो की पाण्याची वाफ होऊन पोकळी पडते आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. क्षणभराने पाणी मागे फिरतं, दोन तुकडे एकमेकांवर आदळतात आणि पाइप फुटतो तो या धडकेने. फुटला नाही तरी एक नुकसान होऊ शकतं: आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं.

आघात केवढा असतो? निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून त्याचं सूत्र दिलं. पोलादी पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर धावते. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी एकदम थांबलं, तर दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका वाढतो, तोही आधीच्या दाबावर.

अशा आघातावरची तजवीज आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. पोफळीला कोयनेचं भूमिगत वीजगृह १९६२ पासून चालू आहे. टर्बाइनचं पाणी अचानक रोखावं लागलं तर बोगद्यातल्या पाण्याला चढायला जागा हवी म्हणून वाटेत उल्लोळ विहीर खोदली आहे.

गैरसमज : व्हॉल्व्ह हळू फिरवला की झालं.

हळू म्हणजे किती? ५ किलोमीटरच्या पोलादी वाहिनीत लाट जाऊन परत यायला १० सेकंद लागतात. त्याआधी व्हॉल्व्ह बंद झाला, तर आघात एका झटक्यात बंद केल्याइतकाच. शिवाय गेट व्हॉल्व्हमध्ये प्रवाह खऱ्या अर्थाने अडतो तो शेवटच्या काही फेऱ्यांत. व्हॉल्व्हमनने जपून फिरवायच्या त्या या फेऱ्या.

गैरसमज : योजनेचं संगणकीय डिझाइन झालंय, म्हणजे हेही तपासलंय.

असं गृहीत धरू नये. एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरतात आणि ते उत्तम आहे. पण ते स्थिर प्रवाहाचा हिशेब करतं. सेकंदाच्या अंशात धावणाऱ्या लाटा त्याला दिसत नाहीत. त्यासाठी वेगळं विश्लेषण लागतं. टेक्सास विद्यापीठाचं टीएसनेट हे मोफत साधन एपानेटचीच फाइल घेऊन ते करतं.

गैरसमज : झटपट गणित म्हणजे कच्चं गणित.

नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक पाइपाचे तुकडे पाडतात आणि लाट एक तुकडा ओलांडते तेवढा वेळाचा टप्पा धरतात. जाळ्यात एखादा पाइप ५ मीटरचा असला, तर सगळ्या शहराचा हिशेब ०.००५ सेकंदाच्या टप्प्याने करावा लागतो. एका मिनिटाला १२,००० टप्पे. इथे वेग दोन वाटांनी मिळतो. केंटकी विद्यापीठातल्या डॉन वूड यांच्या पद्धतीत लाटेचा हिशेब फक्त सांधे, पंप, व्हॉल्व्ह इथे करतात. दुसरी वाट ग्राफिक्स कार्डाची: तुकड्याचा नवा दाब फक्त शेजारच्या तुकड्यांच्या आधीच्या स्थितीवर ठरतो, म्हणून हजारो तुकडे एकाच वेळी सोडवता येतात. समीकरणं तीच राहतात. वेगाचा फायदा हा, की एकाऐवजी शेकडो प्रसंग तपासता येतात: कुठले पंप चालू होते, टाकी किती भरली होती, वीज कधी गेली.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ही गणितं पाइप पाण्याने पूर्ण भरलेला आहे असं धरतात. आपल्याकडे वितरणाच्या वाहिन्या ठरावीक तासच चालतात. उरलेला वेळ त्यांत हवा शिरते. ही हवा आत-बाहेर सोडणारा, नकाशावर दाखवलेला एअर व्हॉल्व्ह प्रत्यक्षात गळतो म्हणून बंद करून टाकलेला असेल, तर जगातलं सर्वांत वेगवान सॉफ्टवेअरही चुकीचंच उत्तर देईल.

म्हणून गावच्या नव्या योजनेचा आराखडा सभेत येईल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. सगळे पंप एकदम बंद पडल्यावर काय होईल, याचं विश्लेषण जोडलंय का? आणि एअर व्हॉल्व्ह कुठे आहेत, ते शेवटचे कधी तपासले?