तालुक्याच्या गावाला कल्चर हवं

लघवीच्या नमुन्यात बुडवलेली तारेची लूप मॅकॉन्की आगरच्या थरावरून फिरवली आणि प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवली, की दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी, सपाट, कोरडे ठिपके उमटलेले दिसतात. ते बहुधा ई. कोलाय या जंतूचे. ठिपके फुगीर आणि चिकट असतील, तारेने उचलताना धागा सुटत असेल, तर संशय क्लेबसिएलावर जातो. त्यातले तीन-चार ठिपके सलाईनमध्ये ढवळायचे, गढूळपणा प्रमाण नळीशी ताडून पाहायचा, मग स्वॅबने म्युलर-हिंटन आगरवर तीन दिशांनी सारवून वर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या बसवायच्या. आणखी 16 ते 18 तासांनी प्लेट उजेडात धरली की एका चकतीभोवती रुंद मोकळं वर्तुळ दिसतं, तर शेजारच्या चकतीला जंतूंचा थर थेट कडेपर्यंत भिडलेला असतो. पट्टी लावून वर्तुळाचे मिलिमीटर मोजतात. रिपोर्टवर 'एस' (औषध चालतं) की 'आर' (चालत नाही) लिहायचं, ते या मोजणीवर ठरतं.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या तालुक्याच्या गावात ही प्लेट सहसा लागत नाही. हिमोग्लोबिन, साखर, मलेरिया, लघवीची साधी तपासणी एवढं तालुक्याला होतं. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची ही तपासणी, म्हटलं की वाट जिल्ह्याची, नाहीतर मेडशी-पातूरवरून अकोल्याची. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून त्यासाठी कोण जाणार? मग जळजळ, ताप किंवा चिघळलेली जखम घेऊन आलेल्याला औषध अंदाजाने मिळतं, आणि अंदाज चुकायला नको म्हणून ते जरा 'पावरचं' मिळतं. अँटिबायोटिकच्या गैरवापराबद्दल डॉक्टरांना, दुकानदारांना आणि रुग्णांना आपण जी दूषणं देतो, त्यांतला बराच भाग खरं तर तपासणी हाताशी नसण्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुखणं किती मोठं आहे हे आकड्यांवरून कळतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कार्बापेनेम या राखीव गटातल्या औषधांना न जुमानणारे 24 जंतू तपासले, तर त्यांतल्या 22 मध्ये ही औषधं निकामी करणारं एनडीएम-1 हे जनुक निघालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं देशभरातल्या रुग्णालयांचं जाळं 2013 पासून अशा नोंदी ठेवतं. त्यांच्या पाहणीत इमिपेनेमला दाद न देणाऱ्या ई. कोलायचं प्रमाण 2016 मध्ये 14 टक्के होतं, ते 2021 मध्ये 36 टक्क्यांवर गेलं. पण हे आकडे मोठ्या रुग्णालयांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. तिथे पोचणारा रुग्ण आधीच दोन-तीन ठिकाणची औषधं घेऊन, आयसीयूत राहून, नळ्या लावून आलेला असतो. मालेगावात पहिल्यांदाच लघवीची जळजळ घेऊन आलेल्या बाईच्या पोटातला ई. कोलाय तसाच असेल, असं मानायला आधार नाही. 1950 च्या दशकापासून वापरात असलेली नायट्रोफ्युरँटॉइनची स्वस्त गोळी मूत्राशयापुरत्या संसर्गात ई. कोलायवर आजही बऱ्याच अंशी चालते. मोठ्या शहराचा आकडा वाचून घाबरलेला डॉक्टर तिला तिसऱ्या पिढीतल्या सेफॅलोस्पोरिनचं इंजेक्शन देतो, तेव्हा जी भीती खरी नव्हती तीच तो हळूहळू खरी करत जातो. गावाचे स्वतःचे आकडे नसल्याचा हा तोटा फारसा कुणी मोजत नाही.

तालुक्याला कल्चर हवं, यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्णाने काय करायचं? अंगात ताप भिनलेल्या, रक्तदाब उतरलेल्या माणसाला औषध तासाभरात द्यावंच लागतं. पण पहिला डोस देण्याआधी नमुना घेऊन ठेवायला पाचच मिनिटं लागतात, आणि तिसऱ्या दिवशी आलेल्या रिपोर्टवरून जड औषध थांबवून साधं देता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाचा रिपोर्ट पुढच्या पन्नास जणांच्या कामी येतो. वर्षभराच्या नोंदी एका कागदावर मांडल्या की इथे कोणती गोळी चालते आणि कोणती नाही, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असतं.

दुसरा आक्षेप असा, की खरा दोष चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीचा आहे. त्यावर कायदा झालेला आहे. मार्च 2014 पासून एच-1 अनुसूचीतल्या औषधांसाठी डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. अंमलबजावणी कडक व्हायलाच हवी. तरीही चिठ्ठीच अंदाजाने लिहिलेली असेल, तर चोख ठेवलेल्या वहीत अंदाजाचीच नोंद होते.

तालुक्यात प्रयोगशाळा काढली तर दर्जा टिकणार नाही, चुकीचा रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा घातक, असंही जाणकार म्हणतात. ते मला पटतं. आगरची जाडी बदलली, चकत्या दमट झाल्या, तर 'आर'चा 'एस' किंवा 'एस'चा 'आर' व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच मालेगावात प्लेट नको, नमुना न्यायची सोय हवी. क्षयरोग कार्यक्रमात थुंकीचे नमुने गावातून तपासणी केंद्रावर जातात आणि रिफॅम्पिसिन हे औषध चालेल की नाही हे उपचाराच्या सुरुवातीलाच पाहिलं जातं. एका जंतूसाठी जे जमवलं, ते ई. कोलायसाठी अशक्य नाही. लघवीचा नमुना उघड्यावर दोन तासांहून जास्त राहिला तर त्यात जंतू वाढत जातात आणि मोजणी खोटी पडते. पण 4 अंशांच्या थंडाव्यात तो 24 तास टिकतो, म्हणजे अकोल्याला निवांत पोचतो. रक्ताच्या कल्चरची बाटली मात्र बर्फात घालायची नाही. नमुना घेताना पहिली धार सोडून मधली घ्यायची, हे बाईला नर्सताईंनी नीट समजावून सांगायचं. शिवाय त्रास काहीच नसताना केवळ जंतू वाढले म्हणून औषध सुरू करायचं नाही. गरोदर बाईची गोष्ट वेगळी. ही शिस्त पाळली नाही, तर कल्चरमुळेच औषधं वाढतील.

एका जातीचे निदान 30 जंतू हाती आल्याशिवाय टक्केवारी काढू नये आणि एका रुग्णाचा जंतू एकदाच धरावा, असा वर्षभराच्या नोंदींच्या तक्त्यांचा संकेत आहे. लघवीच्या त्रासाने येणाऱ्यांची तालुक्यातली वर्दळ पाहता ई. कोलायचे 30 नमुने वर्षाच्या आतच जमतील, आणि तो तक्ता ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवता येईल.